कंदीलफुलाचा फोटो



श्रावण-भादव्यात त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना अंजनेरीचा डोंगर ढगात बुडालेला दिसतो. दर्शनाला वर गेलो की आपण हात जोडतो, अंजनीमातेला नारळ फोडतो आणि उतरतो. पायाखाली काय उगवलंय, ते सहसा पाहत नाही. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

अंजनेरी चार हजार फुटांहून उंच. वरच्या पठारावर कातळ आणि त्यावर बोटभर माती. वारा तर उभं राहू देत नाही. मोठं झाड तिथे तग धरत नाही, म्हणून बुटकी, बारीक झाडं वाढतात. हिमालयात बर्फाखालच्या कुरणांतही झाडं अशीच जमिनीलगत राहतात. आपल्याकडे पाऊस पडला की गेंद, कवला, सीतेची आसवं फुलतात. दवबिंदू नावाचं झाड तर चिकट केसांनी किडे पकडून खातं, कारण त्या मातीत पोषण कमी.

एवढ्या बारीक झाडांची नोंद ठेवायची कशी? पूर्वी एकच रीत होती. झाड उपटायचं, कागदात दाबायचं, वाळवायचं आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचं. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लिहिला, तो अशाच नमुन्यांच्या आधारे. पण दाबलं की फुलाचा रंग जातो, आकार चेपतो.

वनस्पतींचे फोटो पुस्तकात पहिल्यांदा आणले ते एका बाईनेच. इंग्लंडच्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ मध्ये रसायन लावलेल्या कागदावर शेवाळं ठेवून उन्हात धरली. कागद पाण्याने धुतला की निळ्या कागदावर पांढरी आकृती उमटायची. कॅमेरा नव्हताच. पुढे कॅमेरे आले, मग अगदी जवळून फोटो घेणारी भिंगं आली. तांदळाएवढं फूल पानभर मोठं दिसू लागलं.

याचा खरा उपयोग कळतो तो आपल्या कंदीलफुलात. काहीजणी याला खरपुडी म्हणतात. फूल कंदिलासारखं, आत पोकळ नळी. नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते, पण केसांमुळे बाहेर येता येत नाही. फूल कोमेजलं, केस मऊ पडले की ती सुटते आणि परागाची पुडी घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. हे केस वाळलेल्या नमुन्यात नीट कळत नाहीत. जवळून काढलेल्या फोटोत एकेक केस मोजता येतो.

२००६ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजनेरीवरची एक कंदीलफुलाची जात शास्त्राला नवी म्हणून जाहीर केली. नाव ठेवलं सेरोपेजिया अंजनेरिका. आपल्या गावाचं नाव जगभरच्या वनस्पतींच्या यादीत गेलं! ही झाडं मोजकीच आहेत. नवी जात जाहीर करायला आजही वाळवलेला नमुना लागतोच. पण एकदा तो झाला की पुढची ओळख फोटोवरून पटवता येते, झाड जागेवर राहतं.

मैत्रिणींनो, इथे आमचं एक कबूल करतो. लहानपणी शेळ्यांमागे फिरताना आम्ही खरपुडीचे कंद उकरून खाल्ले आहेत. गोड लागायचे. थंडीत वरचं झाड सुकलं तरी जीव त्या कंदातच असतो, कंद गेला की झाड गेलं, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

२०२१ मध्ये अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला. अशा वेळी पहिला प्रश्न येतो: वर आहे तरी काय? नुसतं गवत, असं उत्तर दिलं तर बोलणंच संपतं. फोटो असला तर दाखवता येतं.

यंदा आमच्या गटातल्या मुलींनी मोबाईलला चिमट्याची छोटी भिंग लावून गावाजवळच्या माळावरची फुलं टिपली. बैठकीत फोटो फिरवला. एक आजी चष्मा सावरत म्हणाल्या, "अगं, हे तर मी सत्तर वर्षं तुडवतेय!"

तुम्हीही टिपा. फूल तोडायचं नाही, गुडघे टेकताना खाली बघायचं. फोटोखाली तारीख, गाव आणि आजीच्या तोंडचं नाव लिहायचं. नेमकी जागा मात्र सगळ्यांना पाठवायची नाही, कंद उकरणारे तिथे पोचतात. अशी एक वही प्रत्येक गटात असू द्या. बचतीच्या वहीशेजारी ती शोभेल.