जास्त धावलेली टर्बो मोटार : ऑइलची निवड आणि निगा

आलिशान मोटारीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. त्यामुळे लाखभर किलोमीटर धावलेली युरोपीय बनावटीची मोटार कधी कधी नव्या लहान मोटारीच्या भावात मिळते आणि मुंबई-पुण्यातील अनेक ग्राहकांना तिचा मोह पडतो. मात्र मोटारीची किंमत उतरली, तरी तिच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची किंमत उतरत नाही. अशा बहुतेक मोटारींना टर्बोचार्जर असतो आणि त्याचे आयुष्य मुख्यतः इंजिन ऑइलवर अवलंबून असते. काही हजार रुपयांच्या ऑइलबाबत केलेली हयगय पुढे काही लाखांचा खर्च उभा करू शकते. जास्त धावलेल्या टर्बो मोटारीसाठी ऑइल कोणते घ्यावे, ते किती दिवसांनी बदलावे आणि त्याची देखरेख कशी करावी, हे म्हणूनच जाणून घेणे आवश्यक ठरते.

टर्बो आणि ऑइलचे नाते

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक छोटे चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही टर्बोची साधी कल्पना होय. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. आजच्या मोटारींमध्ये हा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका टोकाशी साडेनऊशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेले वायू असतात. बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर क्षणभर तुटला, तरी धातूवर धातू घासतो.

टर्बोमध्ये ऑइल दोन कामे करते. ते वंगण पुरवते आणि उष्णताही वाहून नेते. अति तापलेले ऑइल जळून त्याचा कडक काळा थर बनतो. हा थर टर्बोला ऑइल पुरवणाऱ्या बारीक नळीत साचला की पुरवठा मंदावतो. म्हणूनच टर्बो बदलताना जुनी नळी तशीच ठेवली, तर नवा टर्बोही लवकर निकामी होऊ शकतो. गॅरेजमधून टर्बो बदलून घेणाऱ्याने ही नळी नवी टाकली आहे का, हे आवर्जून विचारावे.

अमेरिकेतील धडा

ऑइलकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण फोक्सवॅगन समूहाच्या १.८ लिटर टर्बो इंजिनाचे आहे. अमेरिकेत ऑडी ए४ आणि पसाट या मोटारींमध्ये हे इंजिन उभे बसवले जात असे. त्यात जेमतेम चार लिटर ऑइल मावत असे आणि ऑइल फिल्टरही लहान होता. एवढ्याशा ऑइलवर टर्बोच्या उष्णतेचा भार पडला की ते लवकर खराब होई. बदलण्याची वेळ लांबली किंवा साध्या प्रतीचे ऑइल टाकले गेले, तर त्याचा डांबरासारखा गाळ बनत असे. हा गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला की दाब घसरत असे आणि इंजिन बसत असे.

अखेर २००४ मध्ये कंपनीने १९९७ ते २००४ या काळातील ए४ आणि १९९८ ते २००४ या काळातील पसाटसाठी गाळामुळे होणाऱ्या बिघाडाची हमी आठ वर्षांपर्यंत वाढवली. मात्र मालकाने ऑइल वेळेवर बदलल्याचा पुरावा दाखवणे अपेक्षित होते. ज्यांनी पावत्या जपल्या होत्या, त्यांना त्यांचा उपयोग झाला. स्वीडनच्या साब ९-५ या टर्बो मोटारीबाबतही गाळाच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला इंजिनातील वाफा बाहेर काढणाऱ्या ब्रीदरच्या रचनेत बदल करावे लागले.

डब्यावरील आकड्यांचा अर्थ

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० असे आकडे ठळक छापलेले असतात. पहिला आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल किती सहज वाहते हे सांगतो, तर दुसरा आकडा शंभर अंशांवरील त्याचा दाटपणा. बहुतेक ग्राहक आणि अनेक मेकॅनिकही एवढ्यावरच ऑइल निवडतात. टर्बो मोटारीसाठी हे पुरेसे नाही.

दीडशे अंश तापमानात, वेगाने घासणाऱ्या भागांमध्ये ऑइलचा थर किती टिकतो, याची वेगळी चाचणी असते. युरोपातील एसीईए संस्थेच्या ए३/बी४ आणि सी३ या वर्गांत हे मूल्य किमान ३.५ असावे लागते, तर ए५/बी५ वर्गात ते २.९ पासून ३.५ पर्यंत असते. म्हणजे दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असेच लिहिलेले असले, तरी प्रत्यक्ष उष्णतेत त्यांची ताकद वेगळी असू शकते.

म्हणून डब्याच्या मागील बाजूस छापलेली मोटार कंपनीची मान्यता पाहणे महत्त्वाचे ठरते. मर्सिडीजसाठी एमबी २२९.५ किंवा २२९.५१, बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०१ किंवा लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन आणि ऑडीसाठी ५०२.०० किंवा ५०४.००/५०७.०० अशा या मान्यता असतात. आपल्या मोटारीला कोणती लागते, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. कंपनीने प्रत्यक्ष मान्यता दिली आहे, की ऑइल उत्पादकाने ते 'योग्य' असल्याचा केवळ दावा केला आहे, हेही डब्यावर नीट वाचावे.

नवीन क्रमांक म्हणजे अधिक चांगले ऑइल, असेही समजू नये. फोक्सवॅगनचे ५०८.०० हे ०डब्ल्यू-२० प्रकारचे पातळ ऑइल त्यासाठीच घडवलेल्या नव्या इंजिनांकरिता आहे. ते जुन्या इंजिनात टाकणे धोक्याचे आहे. डिझेल मोटारीला काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर कमी राख निर्माण करणारे ऑइलच वापरावे लागते, कारण राख जळत नाही आणि फिल्टरमध्ये साचत जाते. याउलट बीएमडब्ल्यूने लाँगलाइफ-०४ ऑइल पेट्रोल इंजिनांसाठी दीर्घकाळ युरोपातील ठरावीक देशांपुरतेच मान्य ठेवले होते, कारण इतरत्र इंधनात गंधक जास्त असे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन लागू झाले आणि गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांमध्ये १० पर्यंत खाली आले. त्यामुळे ही अडचण आता बरीच कमी झाली आहे.

जाड ऑइलचा मोह

'गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका' हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात २०डब्ल्यू-५० ऑइल टाकून झिजलेल्या इंजिनाचा आवाज आणि धूर काही काळ लपवता येई. त्या इंजिनांना टर्बो नव्हता आणि ऑइलच्या दाबावर चालणारे नाजूक भागही नव्हते. आजच्या इंजिनात टायमिंग चेनचा ताण आणि व्हॉल्व्हच्या वेळेची जुळणी ऑइलच्याच दाबावर होते. सकाळी इंजिन सुरू करताना जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज नेमकी त्याच क्षणांत वाढते.

पुस्तिकेत एकाहून अधिक दाटपणांना परवानगी असेल, तर जास्त धावलेल्या मोटारीसाठी त्यातील ४० क्रमांकाचे ऑइल निवडणे सयुक्तिक ठरते. मात्र मान्यता तीच हवी. जुन्या मोटारींसाठी म्हणून खास विकल्या जाणाऱ्या ऑइलमध्ये कडक झालेली सील मऊ करणारी रसायने असतात. किरकोळ गळतीवर त्यांचा उपयोग होऊ शकतो. तथापि अशा अनेक ऑइलना युरोपीय कंपन्यांची मान्यता नसते, हे ध्यानात ठेवावे.

किलोमीटर नव्हे, तास

युरोपातील मोकळ्या रस्त्यांवर काही मोटारींना दोन वर्षे किंवा ३० हजार किलोमीटरपर्यंत ऑइल बदलण्याची गरज नसल्याचे सांगितले जाते. मुंबईच्या वाहतुकीला हा हिशेब लागू पडत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या सरासरीने १५ हजार किलोमीटर जाण्यास इंजिन अडीचशे तास चालते. सरासरी २० वर आली, तर तेच अंतर कापण्यास साडेसातशे तास लागतात. मीटरवर आकडा एकच दिसतो, परंतु ऑइलने तिप्पट काम केलेले असते. शाळा, बाजार, स्टेशन अशा छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरते तापत नाही. मग पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये मिसळत राहते.

अशा वापरात कंपनीने दिलेल्या मुदतीच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण सात-आठ हजार किलोमीटरवर ऑइल बदलणे शहाणपणाचे ठरते. गाडी कमी फिरली, तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावेच. प्रत्येक वेळी फिल्टरही बदलावा. टर्बो मोटारीत ही काटकसर अंगाशी येते.

पातळीवर लक्ष

टर्बो इंजिन थोडेफार ऑइल खातेच. ऑडी-फोक्सवॅगनच्या माहितीपुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा वापर स्वीकारार्ह मानलेला आढळतो. या दराने चार हजार किलोमीटरमध्ये दोन लिटर ऑइल संपते. दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात पातळी पाहिली नाही, तर केवढा धोका संभवतो, हे यावरून लक्षात येईल. महिन्यातून दोनदा सपाट जागेवर, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पातळी तपासावी. अनेक नव्या मोटारींमध्ये डिपस्टिक नसते. तेथे पडद्यावरील मापन वापरावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरणेही हानिकारक असते, कारण त्यात फेस होऊन दाब कमी होतो.

निळसर धूर दिसला की टर्बो गेला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात ब्रीदरचा व्हॉल्व्ह तुंबल्यामुळे इंजिनातील दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलले जाते, असेही घडते. टर्बोच्या तुलनेत हा भाग बराच स्वस्त असतो. त्यामुळे त्याची तपासणी आधी करून घ्यावी.

फ्लशिंगची घाई नको

पूर्वीचा इतिहास ठाऊक नसलेली मोटार घेतली की इंजिन फ्लश करण्याचा आग्रह अनेक गॅरेजमध्ये होतो. आत गाळ असेल, तर तीव्र रसायनाने त्याचे मोठे तुकडे सुटून पंपाच्या जाळीत अडकू शकतात. प्रथम ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहावे. तेथे काळा दाट थर दिसल्यास चेंबर उतरवून जाळी साफ करणे हाच खात्रीचा उपाय आहे. आतील भाग केवळ तपकिरी झाले असतील, तर योग्य मान्यतेचे ऑइल टाकून ते तीन-चार हजार किलोमीटरवर एक-दोनदा बदलावे. चांगल्या ऑइलमधील घटक साचलेला मळ हळूहळू आपोआप धुऊन काढतात.

चालवण्याच्या सवयी

थंड इंजिनावर पहिली काही मिनिटे जोर देऊ नये. खंडाळ्याचा घाट चढून किंवा द्रुतगती मार्गावर वेगाने येऊन लगेच इंजिन बंद करणे टाळावे. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवले, तर टर्बो आपसूक निवतो. अनेक नव्या मोटारींत इंजिन बंद झाल्यावरही विजेवर चालणारा पंप टर्बोभोवती कूलंट फिरवत राहतो. जुन्या मोटारींत ही सोय नसेल, तर मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवावे.

ऑइल अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह घ्यावे. रिकाम्या डब्यांत बनावट ऑइल भरून ते विकले जाण्याचा धोका असल्याने डबा टाकण्यापूर्वी त्याला भोक पाडावे. जुने ऑइल गटारात न ओतता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल, असे पाहावे.

वापरलेली आलिशान मोटार पाहताना ग्राहकाची नजर बहुधा रंग, कातडी आसने आणि मीटरवरील आकडा यांवर खिळते. मीटर मागे फिरवता येते. ऑइल बदलल्याच्या तारखा, किलोमीटर आणि ऑइलची मान्यता नोंदवलेल्या पावत्यांची फाइल उभी करणे त्यामानाने कठीण असते. अशी फाइल असलेली दीड लाख किलोमीटर धावलेली मोटार, फाइल नसलेल्या साठ हजार किलोमीटरच्या मोटारीपेक्षा अधिक भरवशाची ठरू शकते. खरेदीचा सौदा ठरवण्यापूर्वी विक्रेत्याकडे ही फाइल मागावी आणि मोटार घरी आल्यावर स्वतःची फाइल पहिल्या दिवसापासून सुरू करावी.