पाठ्यपुस्तकांचा परीक्षक कोण?

एप्रिल २०२३ मध्ये ‘ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी’ने काढलेल्या खुल्या पत्रावर देशातील १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी सह्या केल्या. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असे जे प्रकरण होते, त्यातील उत्क्रांती गळून केवळ आनुवंशिकता उरली होती. कोविडकाळात भार हलका करण्यासाठी वगळलेला भाग पुढे कायमचाच गेला. तो बारावीच्या जीवशास्त्रात आहे, हे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारे विद्यार्थी किती? (आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान, भाग २ मध्ये हा विषय अगदी पहिल्या पाठातच आहे, हे जाता जाता सांगावेसे वाटते.)

या वादात मूळ प्रश्न मात्र मागे राहिला. पुस्तकाचे परीक्षण कोणी करायचे? दिल्लीत १९६१ साली स्थापन झालेली एनसीईआरटी नावाने स्वायत्त, पण केंद्राच्या अनुदानावर चालणारी. आराखडा तिचा, पुस्तक तिचे आणि गुणदोषांचा निवाडाही तिचाच.

बाहेरून काटेकोर परीक्षण झाले ते २००३ मध्ये. इरफान हबीब, सुवीरा जयस्वाल आणि आदित्य मुखर्जी यांनी इतिहासाची नवी पुस्तके तपासली, आणि भारतीय इतिहास परिषदेने त्यांतील चुकांची सूचीच छापली. नववीच्या एका पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत तर गांधीहत्येचा उल्लेखही नव्हता. एनसीईआरटीने त्या सूचीला पुस्तिकेनेच उत्तर दिले. विद्वानांचा वाद असाच व्हावा. पण दोन्ही बाजू वाचून निर्णय देणारा तिसरा कोणीच नव्हता, आणि शेवटी निर्णय झाला तो निवडणुकीने. २००४ मध्ये सरकार बदलले, एस. सेट्टर, जे. एस. ग्रेवाल व बरुण डे यांची समिती नेमली गेली आणि ती पुस्तके मागे घेण्यात आली. परीक्षक नामवंत होते. त्यांना बसवणारे मात्र पुन्हा सरकारच होते.

ही उणीव त्याच सुमारास ओळखली गेली होती. झोया हसन आणि गोपाळ गुरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००५ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय पाठ्यपुस्तक मंडळाची शिफारस केली. सरकारी चौकटीबाहेरच्या शाळांत चालणारी पुस्तकेही तिच्या विचारात होती. ते मंडळ कधीच अस्तित्वात आले नाही. यशपाल समितीच्या आराखड्यावर बेतलेल्या नव्या पुस्तकांसाठी मृणाल मिरी आणि आपले गो. पु. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती होती. माणसे स्वतंत्र बाण्याची, पण समिती मंत्रालयाचीच.

त्या पुस्तकांची कसोटी मे २०१२ मध्ये लागली. शंकर यांचे १९४९ सालचे, संविधाननिर्मितीच्या गतीवरचे व डॉ. आंबेडकरांचे चित्रण असलेले व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्रात २००६ पासून होते. संसदेत गदारोळ होताच मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. मग सुखदेव थोरात समिती बसली. तिच्यात एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदवले, आणि माझ्या मते शैक्षणिक परीक्षण म्हणून वाचण्याजोगे तेच आहे.

जून २०२३ मध्ये पळशीकर आणि यादव यांनी पुन्हा पत्र लिहिले: न विचारता झालेल्या कापाकापीनंतर पुस्तकांवरून आमची नावे काढा. स्वामित्वहक्क आमचा आहे, असे एनसीईआरटीने कळवले. पुढच्या वर्षी छापलेल्या प्रतींवरही ती नावे होतीच.