ह्यूम कुटुंब

ह्यूम कुटुंब : मुंबई आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे 1839 पासून ख्रिस्ती मंडळ्या, शाळा, छापील साहित्य व रुग्णसेवा यांत तीन पिढ्या राबलेले अमेरिकन मिशनरी घराणे. काँग्रेसचे एक संस्थापक अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम निराळे. त्यांचा या घराण्याशी संबंध नाही.

अमेरिकन बोर्ड या मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. बऱ्याच ओढाताणीनंतर त्यांना राहू दिले गेले. नगरचे ठाणे 1831 मध्ये सुरू झाले. कामाची भाषा पहिल्यापासून मराठी असल्याने ‘अमेरिकन मराठी मिशन’ हे नाव रूढ झाले. हॉल 1826 मध्ये नाशिक भागातील फिरतीवर पटकीने दगावले. नगरच्या पहिल्या तुकडीतले विल्यम हर्वी वर्षभरातच गेले. मिशनरी घरांच्या हकिकतींत बोटीइतकीच पटकी येते.

घराण्याचे मूळ पुरुष रॉबर्ट विल्सन ह्यूम पत्नी हॅना यांच्यासह 1839 मध्ये मुंबईत आले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये नगरला निघाले आणि काही वर्षांनी मुंबईत आले. तेथे त्याच्या संपादनात व पुस्तिकांच्या छपाईत ह्यूम यांचा काळ गेला. पंधरा वर्षांत प्रकृती ढासळली. 1854 मध्ये सहकुटुंब मायदेशी निघाले असता बोटीवरच त्यांचा मृत्यू झाला. हॅना लहान मुलांना घेऊन अमेरिकेला पोहोचल्या आणि त्यांनीच ती वाढवली. मिशनच्या नोंदींत नवऱ्याचे काम तपशीलवार सापडते. हॅनाबाईंच्या वाट्याला मात्र बहुधा ‘मिसेस ह्यूम’ एवढाच उल्लेख आला आहे, आणि दोन मुलगे पुन्हा मुंबईच्या बोटीवर चढले ते याच आईच्या हाताखाली वाढून. त्याच 1854 साली नगरात हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीची धुरा मराठी माणसांकडे जाण्याची ती सुरुवात होती.

थोरला मुलगा रॉबर्ट अ‍ॅलन (1847–1929) भायखळ्यात जन्मला. येल व अँडोव्हर येथे शिकून तो 1874 मध्ये नगरला आला. लौकिक अर्थाने ही परदेशगमनाची गोष्ट. पण जन्म भायखळ्याचा, तेव्हा परदेश नेमका कोणता, हा प्रश्न या घराण्यात नेहमीच थोडा गुंतागुंतीचा राहिला. धाकटा एडवर्ड सॅकेट (जन्म 1848) पत्नी शार्लट यांच्यासह मुंबईत स्थिरावला. भायखळ्याची त्यांची शाळा पुढे ह्यूम हायस्कूल म्हणून ओळखली गेली. शार्लटही मिशनरीकन्याच, मदुराईच्या चँडलर घराण्यातली.

या मंडळींचे सोयरसंबंध पाहिले तर मिशन म्हणजे एक मोठे गोतावळ्याचे घर वाटते. रॉबर्ट अ‍ॅलन यांची पहिली पत्नी अ‍ॅबी ही एबेनेझर बर्जेस यांची मुलगी. मराठी शाळांसाठी खगोलाचे पाठ्यपुस्तक करता करता बर्जेस सूर्यसिद्धांताकडे वळले आणि 1860 मध्ये त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. अ‍ॅबी 1881 मध्ये वारल्यावर रॉबर्ट अ‍ॅलन यांनी वडाळ्याच्या (नेवासे तालुका) सॅम्युएल फेअरबँक यांच्या कन्या केटी यांच्याशी विवाह केला. फेअरबँक यांनी सह्याद्री व नगर भागातील पक्ष्यांची यादी केली. ती छापली गेली ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये, म्हणजे दुसऱ्या ह्यूमसाहेबांच्या, अ‍ॅलन ऑक्टेव्हियन यांच्या, पक्षिविषयक नियतकालिकात! दक्षिणेतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ आहे ते यांच्यावरूनच. त्यांच्या पत्नी मेरी या ‘ज्ञानोदय’चे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन यांच्या कन्या.

रॉबर्ट अ‍ॅलन यांनी 1878 मध्ये नगरला थिऑलॉजिकल सेमिनरी काढली. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत महार व मांग समाजातून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांना त्यांच्याच भाषेतला, त्यांच्यातलाच पाळक हवा, हा त्यामागचा रोख. 1886 मध्ये मात्र त्यांची स्वतःचीच परीक्षा झाली. रजेवर असताना अमेरिकेत ते बोलून गेले की, ख्रिस्ताचे नाव न ऐकता मेलेल्यांना मृत्यूनंतरही संधी मिळू शकेल. हे मानले तर मिशन चालवायचे कशाला, असे धर्मसनातन्यांनी विचारले आणि अमेरिकन बोर्डाने त्यांना भारतात परत पाठवण्याचे काही काळ अडवून धरले. वाद अमेरिकेत गाजला, तरी त्याचे मूळ नगरकडच्या गावांत शोधायला हवे. ज्यांच्या शेजारी बारा वर्षे काढली त्यांच्या आजा-पणजांना सरळ नरकात धाडणे या माणसाला जमले नाही. शेवटी परवानगी मिळून ते नगरला परतले. 1899–1900 च्या दुष्काळातील मदतकार्याबद्दल सरकारने त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ सुवर्णपदक दिले.

मराठी वाचकाला ह्यूमसाहेब भेटतात ते प्रामुख्याने लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही साहेबाकडून न घेता तुकाराम नथोजी या मराठी पाळकाकडून. त्यानंतर टिळक नगरला मिशनच्या सेमिनरीत शिकवू लागले. ह्यूम व टिळक यांच्यात जिव्हाळा होता, तसा दुरावाही. पगार देणारे मिशन आणि पगार घेणारा कवी हे नाते टिळकांना बोचत राहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. ह्यूम उदार होते, पण तो पूल ज्याच्या पायाखाली होता त्यालाच तो ठाऊक.

तिसरी पिढी पांगली. रॉबर्ट अ‍ॅलन यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला परतली आणि स्त्रियांच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करू लागली. तिचा भाऊ एडवर्ड हिक्स (1876–1957) नगरला जन्मला. त्याने चीनमध्ये चांगशा येथे इस्पितळ उभारले. एडवर्ड सॅकेट यांचे पुत्र रॉबर्ट अर्नेस्ट (1877–1948) न्यूयॉर्कला प्राध्यापक झाले. तेरा प्रमुख उपनिषदांचे त्यांचे इंग्रजी भाषांतर 1921 मध्ये ऑक्सफर्डने छापले. आजोबा पुस्तिकांतून ख्रिस्तमत मांडायला इकडे आले होते. नातवाने उपनिषदे तिकडे नेली.

या मिशनच्या मंडळ्या 1924 नंतर संयुक्त मंडळीत आणि पुढे 1970 मध्ये त्यांपैकी बऱ्याच उत्तर भारतीय मंडळीत (सीएनआय) गेल्या. नगरला ह्यूम यांच्या नावाचे स्मारक चर्च आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबे शिक्षण व नोकरीसाठी मुंबई-पुण्याकडे सरकली, आणि 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आल्यावर वाढलेल्या पिंपरीच्या कारखानदारीनेही त्यांतल्या काहींना ओढून आणले.  या मंडळ्यांच्या रविवारच्या मराठी उपासनेत ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले जाते तेव्हा बॅलंटाइन यांची भाषांतरित गीते आणि टिळकांची अभंगाच्या वळणाची पदे एकाच पुस्तकात, पुढेमागे सापडतात.