इंग्रजीतलं 'इफ' चुकतं कुठे? जगाच्या लोकसंख्येवरून शिका 'जर-तर'ची चार वाक्यं

दहावी-बारावीचा इंग्रजीचा पेपर असो, स्पर्धा परीक्षा असो की बँकेचा मेसेज, 'इफ' हा शब्द सगळीकडे भेटतो. खात्यातून पैसे गेले की मोबाइलवर एसएमएस येतो आणि त्यात शेवटी लिहिलेलं असतं, 'इफ नॉट डन बाय यू'. म्हणजे, 'हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर'. पुढे काय करायचं तेही दिलेलं असतं. हे 'इफ' कळलं नाही तर नुसते मार्क जात नाहीत, पैसेही जाऊ शकतात.

व्याकरणात अशा वाक्यांना 'कंडिशनल सेन्टेन्सेस' म्हणतात. बरेच विद्यार्थी त्याचे नियम पाठ करतात आणि पेपरात गोंधळतात. म्हणून इथे सगळी उदाहरणं एकाच विषयावर घेतली आहेत, तो विषय म्हणजे लोकसंख्या. उतारे, निबंध आणि मुलाखतीत हा विषय हमखास येतो. शिवाय लोकसंख्येबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी त्यात एक 'जर' असतोच.

इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे मराठी अक्षरांत दिली आहेत. आधी मोठ्याने वाचा, मग वहीत इंग्रजी लिपीत लिहून काढा.

आधी आकडे समजून घ्या

आपण लाख-कोटीत मोजतो, इंग्रजी बातम्या मिलियन-बिलियनमध्ये मोजतात.

- १ मिलियन म्हणजे १० लाख
- १० मिलियन म्हणजे १ कोटी
- १ बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच १ अब्ज

संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८ बिलियन झाली, म्हणजे ८०० कोटी. पहिले १०० कोटी व्हायला साधारण १८०४ साल उजाडलं. २०० कोटी १९२७ च्या सुमारास झाले, ३०० कोटी १९६० ला, ४०० कोटी १९७४ ला, ५०० कोटी १९८७ ला. पाचशे कोटींचा दिवस ११ जुलै १९८७ हा धरला गेला, म्हणून ११ जुलैला जागतिक लोकसंख्या दिन असतो. पुढे १९९९ ला ६००, २०११ ला ७०० आणि २०२२ ला ८०० कोटी.

इथे दोन चुका टाळा. आकडा पुढे असेल तर 'बिलियन'ला 'एस' लागत नाही. 'एट बिलियन पीपल' बरोबर, 'एट बिलियन्स पीपल' चूक. आणि 'पीपल' हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे, माणसं या अर्थाने 'पीपल्स' लिहू नका.

हे शब्द पाठच करा

- पॉप्युलेशन: लोकसंख्या. 'इंडिया हॅज अ लार्ज पॉप्युलेशन' असं म्हणतात, 'मेनी पॉप्युलेशन' म्हणत नाहीत.
- सेन्सस: जनगणना. घरोघरी येऊन नोंद घेणारा प्रगणक म्हणजे 'एन्युमरेटर'.
- बर्थ रेट आणि डेथ रेट: जन्मदर आणि मृत्युदर. दर हजार लोकांमागे वर्षाला किती जन्म, किती मृत्यू.
- फर्टिलिटी रेट: एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात तो आकडा.
- डेन्सिटी: घनता. २०११ च्या जनगणनेत भारतात एका चौरस किलोमीटरला ३८२ माणसं होती, महाराष्ट्रात ३६५.
- मायग्रेशन: स्थलांतर. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचं स्थलांतर हे 'सीझनल मायग्रेशन', कारण हंगाम संपला की माणसं परत येतात.
- लाइफ एक्स्पेक्टन्सी: सरासरी आयुर्मान.
- एजिंग पॉप्युलेशन: म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण वाढत चाललेली लोकसंख्या. जपानमध्ये दर १०० जणांत २९ जण पासष्टीच्या पुढचे आहेत.
- रिसोर्सेस: पाणी, जमीन, इंधन अशी साधनसंपत्ती.
- शॉर्टेज: टंचाई. 'वॉटर शॉर्टेज' म्हणजे पाणीटंचाई.
- डिक्लाइन: घट. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. त्याला इंग्रजीत 'पॉप्युलेशन डिक्लाइन' म्हणतात.

मराठी माणूस नेमका कुठे चुकतो?

आपल्याला 'जर-तर' येत नाही असं मुळीच नाही. रोज बोलताना आपण ते बरोबर वापरतो. अडचण अशी की मराठीची सवय इंग्रजीत तशीच उतरते. तीन ठिकाणी घोळ होतो.

एक, आपण 'जर' गाळतो आणि 'तर' ठेवतो. 'पाऊस पडला तर पेरणी करू.' इंग्रजीत उलटं आहे. 'इफ' लिहावंच लागतं, आणि 'तर'साठी 'देन' बहुतेक वेळा लिहीत नाहीत. तिथे नुसता स्वल्पविराम येतो.

दोन, 'पाऊस पडला तर' यात 'पडला' हे रूप भूतकाळाचं आहे, पण पाऊस तर अजून पडायचाय. विद्यार्थी 'पडला' बघून 'इफ इट रेन्ड' लिहितो आणि मार्क जातो. इंग्रजीत इथे वर्तमानकाळ लागतो: 'इफ इट रेन्स, वुई विल सो द सीड्स.'

तीन, 'माझ्याकडे पैसे असते तर मी ट्रॅक्टर घेतला असता' हे वाक्य मराठीत आजच्याबद्दलही असू शकतं आणि गेल्या वर्षीबद्दलही. इंग्रजीत त्याची दोन वेगळी वाक्यं होतात. त्यामुळे लिहिण्याआधी स्वतःला विचारा, 'आत्ता की तेव्हा?'

प्रकार १: नेहमीच खरं असलेलं (झिरो कंडिशनल)

रचना: इफ + साधा वर्तमानकाळ, साधा वर्तमानकाळ.

'इफ बर्थ्स आर मोअर दॅन डेथ्स, द पॉप्युलेशन ग्रोज.'
मृत्यूंपेक्षा जन्म जास्त असले की लोकसंख्या वाढते.

'इफ गर्ल्स स्टे लाँगर इन स्कूल, दे युज्वली मॅरी लेटर.'
मुली जास्त वर्षं शाळेत राहिल्या की सहसा त्यांची लग्नं उशिरा होतात.

मराठीत जिथे 'की' बसतो, 'असं झालं की तसं होतं', तिथे बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. दोन्ही भागांत वर्तमानकाळ, 'विल' कुठेच नाही.

प्रकार २: पुढे होऊ शकेल असं (फर्स्ट कंडिशनल)

रचना: इफ + साधा वर्तमानकाळ, विल + मूळ क्रियापद.

'इफ द प्रेझेंट ट्रेंड कन्टिन्यूज, द वर्ल्ड पॉप्युलेशन विल रीच अबाउट टेन पॉइंट थ्री बिलियन इन द ट्वेन्टी-एटीज.'
सध्याचा कल असाच राहिला तर २०८० च्या दशकात जगाची लोकसंख्या साधारण १,०३० कोटींवर जाईल.

हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालातला आहे. त्याच अहवालाचा अंदाज असा की त्यानंतर लोकसंख्या हळूहळू कमी व्हायला लागेल. अशा अंदाजाला इंग्रजीत 'प्रोजेक्शन' म्हणतात. प्रोजेक्शन म्हणजे भविष्यवाणी नव्हे, त्याला एक 'इफ' जोडलेला असतो. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये हा 'इफ' काढून टाकलेला असतो आणि उरतं फक्त 'इतके होणार'. म्हणून लोकसंख्येचा कोणताही आकडा वाचला की आधी विचारा, 'कशावरून? काय झालं तर?'

याचंच आपल्या जवळचं उदाहरण बघा. आई-वडिलांच्या पिढीइतकीच पुढची पिढी राहायला फर्टिलिटी रेट साधारण २.१ लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. तरी देशाची लोकसंख्या अजून वाढतेय, कारण तरुण वयाची माणसं जास्त आहेत आणि त्यांची कुटुंबं आत्ता होतायत. हे इंग्रजीत असं सांगता येईल:

'इफ द फर्टिलिटी रेट स्टेज बिलो टू पॉइंट वन, द पॉप्युलेशन विल स्टॉप ग्रोइंग आफ्टर सम डिकेड्स.'
फर्टिलिटी रेट २.१ च्या खाली राहिला तर काही दशकांनी लोकसंख्या वाढायची थांबेल.

लक्षात ठेवा, 'इफ' असलेल्या भागात 'विल' घालायचं नाही. 'इफ द रेट विल स्टे' हे चूक.

प्रकार ३: फक्त कल्पना (सेकंड कंडिशनल)

रचना: इफ + साधा भूतकाळ, वुड + मूळ क्रियापद.

'इफ द वर्ल्ड वर अ व्हिलेज ऑफ अ हंड्रेड पीपल, फिफ्टी-नाइन वुड बी फ्रॉम एशिया.'
जग १०० माणसांचं गाव असतं, तर त्यातली ५९ माणसं आशियातली असती.

हे गाव पुढे नेऊ. ८०० कोटींच्या हिशेबाने १८ माणसं आफ्रिकेतली, ९ युरोपातली, ८ दक्षिण व मध्य अमेरिकेतली, ५ उत्तर अमेरिकेतली आणि १ ऑस्ट्रेलिया व आजूबाजूच्या बेटांवरचं असतं. आशियातल्या ५९ पैकी जवळपास १८ जण भारतातले असते:

'अबाउट एटीन वुड बी फ्रॉम इंडिया.'

या प्रकारात 'आय', 'ही', 'शी', 'इट' सगळ्यांसोबत 'वॉज' ऐवजी 'वर' लिहितात. बोलताना लोक 'इफ आय वॉज' म्हणतात, पण परीक्षेत 'इफ आय वर' लिहिलेलं चांगलं. 'मी पंतप्रधान झालो तर' या नेहमीच्या निबंधाचं इंग्रजी नावही तसंच आहे: 'इफ आय वर द प्राइम मिनिस्टर.' मराठीत 'झालो तर' म्हणतो म्हणून 'इफ आय बिकम' लिहिलं, तर अर्थ बदलतो. मग ते खरंच निवडणूक लढवणाऱ्याचं वाक्य होतं.

प्रकार ४: होऊन गेलेलं, आता बदलता न येणारं (थर्ड कंडिशनल)

रचना: इफ + हॅड + क्रियापदाचं तिसरं रूप, वुड हॅव + तिसरं रूप.

मराठीत 'पडला असता तर', 'गेला नसता तर' हे रूप आलं आणि गोष्ट मागे घडून गेलेली असली, की हा प्रकार.

१९६५ आणि १९६६ ला देशात मोठा दुष्काळ पडला होता आणि अमेरिकेतून गव्हाची जहाजं येत होती. भारताचं पोट भरणारच नाही, असं तेव्हा बाहेरचे अनेक जाणकार लिहीत होते. मग नवीन बुटक्या जातीचा गहू आला. १९६४-६५ ला देशाचं गव्हाचं उत्पादन सुमारे १.२ कोटी टन होतं, ते १९७०-७१ ला सुमारे २.३८ कोटी टन झालं. या गव्हावर काम करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांना १९७० चं शांततेचं नोबेल मिळालं.

'इफ फार्मर्स हॅड नॉट प्लांटेड द न्यू व्हीट, इंडिया वुड हॅव इम्पोर्टेड मच मोअर ग्रेन.'
शेतकऱ्यांनी नवीन गहू पेरला नसता, तर भारताला कितीतरी जास्त धान्य बाहेरून आणावं लागलं असतं.

दुसरं उदाहरण आपल्या रेशनकार्डाचं. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे पुढे ढकलली गेली. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचं, ही संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरलेली आहे. मधल्या काळात कुटुंबं वाढली, आकडा तोच राहिला.

'इफ द सेन्सस हॅड बीन हेल्ड ऑन टाइम, वुई वुड हॅव गॉट न्यू फिगर्स.'
जनगणना वेळेवर झाली असती, तर आपल्याला नवीन आकडे मिळाले असते.

पुढच्या जनगणनेसाठी सरकारने १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस जाहीर केला आहे.

'अनलेस' म्हणजे काय?

'अनलेस' म्हणजे 'इफ नॉट'. त्याच्या पोटातच 'नाही' आहे, म्हणून त्या भागात पुन्हा 'नॉट' लिहायचं नाही.

'इफ वुई डू नॉट सेव्ह वॉटर, वुई विल फेस अ शॉर्टेज.'
'अनलेस वुई सेव्ह वॉटर, वुई विल फेस अ शॉर्टेज.'

दोन्हींचा अर्थ एकच: पाणी वाचवलं नाही तर टंचाई होईल. 'अनलेस वुई डू नॉट सेव्ह' हे चूक.

पेपरात पटकन ओळखायचं कसं?

- नेहमीच होतं? वर्तमान + वर्तमान.
- पुढे होऊ शकतं? वर्तमान + विल.
- आत्ता तसं नाही, नुसती कल्पना? भूतकाळ + वुड.
- मागे घडून गेलं? हॅड + वुड हॅव.

आणि स्वल्पविराम: 'इफ'चा भाग आधी आला तर मध्ये द्यायचा, नंतर आला तर द्यायचा नाही.

आता तुम्ही करा

उत्तरं खाली आहेत, पण आधी वहीत लिहा.

१. लोक शहरात गेले की गावं रिकामी होतात.
२. तरुणांना गावात काम मिळालं तर ते इथेच राहतील.
३. मी सरपंच असते तर आधी पाण्याची टाकी बांधली असती. (आत्ताची कल्पना)
४. त्या वर्षी पाऊस पडला असता तर ते पुण्याला गेले नसते.
५. माहिती दिली नाही तर तुमची मोजणी होणार नाही. ('अनलेस' वापरा)
६. १.४ बिलियन म्हणजे किती कोटी?

उत्तरं

१. इफ पीपल मूव्ह टू सिटीज, व्हिलेजेस बिकम एम्प्टी.
२. इफ यंग पीपल गेट वर्क इन द व्हिलेज, दे विल स्टे हिअर.
३. इफ आय वर द सरपंच, आय वुड बिल्ड अ वॉटर टँक फर्स्ट.
४. इफ इट हॅड रेन्ड दॅट यिअर, दे वुड नॉट हॅव गॉन टू पुणे.
५. अनलेस यू गिव्ह इन्फर्मेशन, यू विल नॉट बी काउंटेड.
६. १४० कोटी.

सहापैकी चार बरोबर आली तर पाया पक्का आहे. दोन किंवा तीन आली तर चारही प्रकारांची रचना पुन्हा वाचा. नंतर आपल्याच गावावर, शेतावर, घरावर प्रत्येक प्रकाराचं एक वाक्य तयार करा आणि घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला दाखवा. पुस्तकातलं वाक्य विसरायला होतं, आपण स्वतः केलेलं सहसा विसरत नाही.