१०३ फेऱ्या आणि एक हरलेली निवडणूक: १९२४ चं डेमोक्रॅटिक अधिवेशन

अमेरिकेत दर चार वर्षांनी एक चर्चा हमखास रंगते. 'यंदा अधिवेशनात कुणालाच बहुमत मिळालं नाही तर?' टीव्हीवर नकाशे येतात, आकडेमोड होते, आणि शेवटी काहीच होत नाही. पहिल्याच फेरीत उमेदवार ठरतो, फुगे सुटतात, सगळे घरी जातात. पण एकदा हे खरोखर घडलं होतं. आजचा भाग त्याच्यावर.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे तिकीट कुणाला हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतो. प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी येतात आणि मतदान करतात. ठरावीक आकडा कुणीच गाठला नाही तर पुन्हा मतदान, मग पुन्हा. यात सगळ्यात कमी मतं मिळालेला उमेदवार आपोआप बाद होत नाही. त्यामुळे कुणीच माघार घेतली नाही, तर फेऱ्या कितीही चालू शकतात.

आता हा आकडा किती? रिपब्लिकन पक्षात साधं बहुमत पुरायचं. डेमोक्रॅटिक पक्षात मात्र १८३२ पासून दोन तृतीयांशांचा नियम होता. १८४४ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्याकडे पहिल्या फेरीत बहुमत होतं, तरी उमेदवारी हुकली आणि नवव्या फेरीत जेम्स पोक पुढे आले. व्हॅन ब्यूरेन यांचा टेक्सास लगेच सामील करून घ्यायला विरोध होता आणि दक्षिणेला ते नको होतं. म्हणजे हा नियम दक्षिणेकडच्या राज्यांच्या हातातला नकाराधिकार होता. आपला माणूस निवडून आणता आला नाही तरी नको असलेला माणूस अडवता यायचा.

तर २४ जून १९२४. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अधिवेशन रेडिओवर थेट ऐकू येतंय. मुख्य दावेदार दोन. पहिले विल्यम मॅकअडू: विल्सन यांचे अर्थमंत्री आणि जावईसुद्धा, दारूबंदीचे समर्थक, पाठबळ दक्षिण आणि पश्चिमेचं. दुसरे अल स्मिथ: न्यूयॉर्कचे गव्हर्नर, कॅथलिक, दारूबंदीचे विरोधक, शहरांतल्या स्थलांतरित कुटुंबांचे लाडके.

आणि या दोघांच्या मधे उभी होती कू क्लक्स क्लॅन. कृष्णवर्णीय, कॅथलिक, ज्यू आणि स्थलांतरित या सगळ्यांचा द्वेष करणारी ही संघटना त्या काळात अफाट वाढली होती. क्लॅनचा पाठिंबा मॅकअडू यांना होता, आणि तो त्यांनी उघडपणे झिडकारला नाही. स्मिथ यांच्या बाजूच्या लोकांनी मागणी केली की पक्षाच्या जाहीरनाम्यात क्लॅनचा नाव घेऊन निषेध करा. यावर मतदान झालं. हजारावर मतांमध्ये ठराव जेमतेम एका मताच्या फरकाने पडला! काही राज्यांच्या प्रतिनिधींकडे अर्धं किंवा पाव मत असायचं, त्यामुळे निकालही अपूर्णांकात लागला. उमेदवारीचं मतदान सुरू व्हायच्या आधीच पक्ष बरोबर मधोमध चिरला होता.

३० जूनला पहिली फेरी झाली. मॅकअडू ४३१.५, स्मिथ २४१. बाकीची मतं डझनाहून जास्त नावांत विखुरलेली, त्यातली बरीच आपापल्या राज्याचे 'घरचे' उमेदवार. अलाबामाच्या गव्हर्नरांनी दर फेरीला खणखणीत आवाजात ऑस्कर अंडरवूड यांना २४ मतं जाहीर करायची, हा तर रेडिओ ऐकणाऱ्यांच्या करमणुकीचाच विषय झाला.

आता गणित बघा. एकूण मतं १,०९८. दोन तृतीयांश म्हणजे ७३२. याचा अर्थ ३६७ मतं घट्ट धरून ठेवली की समोरचा कितीही पुढे जाऊ दे, जिंकू शकत नाही. मॅकअडू सगळ्यात वर पोचले ते ६९ व्या फेरीत, ५३० मतं. स्मिथ ७६ व्या फेरीत ३६८ वर. अडवायला पुरेसं, जिंकायला अर्धंच.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस आहेत, प्रत्येकीने एकेक कुलूप धरलंय आणि प्रत्येकीला दुसरीकडचं कुलूप हवंय. दोघीही थांबून राहतात. कोडमध्ये कुठेही एरर नसते, प्रत्येक प्रोसेस नियमाप्रमाणेच वागत असते, तरी सिस्टीम ठप्प. न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच झालं. वेडेपणा कुणीच करत नव्हतं. स्मिथ हटले असते तर पक्ष क्लॅनला मवाळ असलेल्यांच्या हाती गेला असता. मॅकअडू हटले असते तर त्यांच्या लोकांच्या नजरेत तो न्यूयॉर्कच्या पुढाऱ्यांच्या हाती गेला असता. सोडणाऱ्याचंच नुकसान, मग सोडणार कोण?

साधं बहुमत पुरलं असतं तर ५५० मतं लागली असती. मॅकअडू त्यापासून फक्त २० मतं लांब होते. माणूस जिंकतोय असं दिसलं की कुंपणावरचे लोक उड्या मारतात. इथे ५३० वरूनही शिखर २०० मतं लांब दिसत होतं, म्हणून कुणी हललंच नाही.

अखेर दोघंही थकले, आणि ९ जुलैला १०३ व्या फेरीत ८४४ मतांनी उमेदवारी मिळाली जॉन डेव्हिस यांना. हे ब्रिटनमधले माजी राजदूत आणि वॉल स्ट्रीटचे वकील. पहिल्या फेरीत त्यांना मूठभर मतं होती. ते सगळ्यांना चालले, कारण ते कुणाचेच नव्हते. पुढे प्रचारात डेव्हिस यांनी क्लॅनचा नाव घेऊन निषेध केला, म्हणजे ज्या वाक्यावरून पक्ष फुटला ते वाक्य शेवटी उमेदवारानेच उच्चारलं! पण तोवर उशीर झाला होता. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन कूलिज यांना ५४ टक्के मतं आणि डेव्हिस यांना २९ टक्क्यांच्या आत. त्यांनी जिंकलेली १२ राज्यं दक्षिणेकडचीच.

गोष्टीला एक शेपूट आहे, आणि मला तेच जास्त आवडतं. १९३२, शिकागो. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे बहुमत आहे, पण तीन फेऱ्या होऊनही दोन तृतीयांश नाहीत. पुन्हा तेच होणार असं वाटत असताना चौथ्या फेरीत कॅलिफोर्नियाच्या वतीने बोलायला उभे राहिले चक्क मॅकअडू! १९२४ सारखी झुंज पुन्हा नको, अशा अर्थाचं बोलून त्यांनी राज्याची मतं रूझवेल्ट यांना दिली आणि कोंडी फुटली. हरलेल्यांत अल स्मिथही होते, म्हणजे जुना हिशेबही चुकता झाला. पुढच्याच, १९३६ च्या अधिवेशनात रूझवेल्ट यांच्या लोकांनी दोन तृतीयांशांचा नियम रद्द केला. दक्षिणेचा शंभर वर्षांचा नकाराधिकार गेला.

मग आज असं होऊ शकतं का? कागदावर, हो. एकापेक्षा जास्त फेऱ्या शेवटच्या झाल्या १९५२ मध्ये. त्यानंतर प्रायमरी निवडणुकांचं महत्त्व वाढलं आणि निकाल आधीच कळायला लागला. पण डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. तीन-चार तगडे उमेदवार शेवटपर्यंत टिकले तर बहुमत कुणालाच नाही, हे आजही शक्य आहे.

मात्र आकड्यांची कोंडी नियम बदलून सुटते, मनातली नाही. १९२४ मध्ये खरा प्रश्न होता, क्लॅनला नाव घेऊन नाही म्हणायचं की नाही. पक्षाने तो टाळला, आणि मग १०३ वेळा त्याच प्रश्नावर मतदान केलं, फक्त माणसांची नावं घेऊन.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!