साडेचारशे फुटांची रेघ

धनत्रयोदशी जवळ आली की आमच्या खानदेशातून जथेच्या जथे तळोद्याच्या वाटेने अस्तंभ्याच्या यात्रेस निघतात. सातपुड्यातले हे शिखर १,३२५ मीटर उंच. तेथे चिरंजीव अश्वत्थामा वास करतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागत हिंडतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. घरोघर अभ्यंगाचे तेल कोमट होत असताना कुणा एकाची जखम अजून भरलेली नाही, ही कल्पना लहानपणापासून मला चटका लावीत आली आहे.

चार वर्षांपूर्वी दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या नळकांड्यातून एक जुना नकाशा निघाला. मी धुळ्यात भूगोल शिकवीत असताना भूमापन खात्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध स्नेह्यांनी तो मला दिला होता. एका इंचास एक मैल असे त्याचे प्रमाण. सातपुड्याच्या उत्तर उतारावरचा, नर्मदेकाठचा अक्राणीचा मुलूख त्यात आहे. हा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात होता. पुढे तो धुळे जिल्ह्यात राहिला आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेला.

असा नकाशा नुसता पाहायचा नसतो, वाचायचा असतो. निळी रेघ पाण्याची, हिरवा रंग रानाचा, पिवळा लागवडीचा. तपकिरी रेषा सारख्या उंचीची ठिकाणे जोडतात. त्या दूर दूर असल्या तर उतार सौम्य, आणि दाटीवाटीने आल्या तर कडा. अक्राणीच्या कागदावर या रेषांची अशी गर्दी आहे, की बोटाच्या ठशाची आठवण व्हावी.

या विद्येची आपल्याकडील सुरुवात १० एप्रिल १८०२ ची. त्या दिवशी मद्रासेजवळ विल्यम लॅम्बटन याने साखळीने एक पायारेषा मोजावयास घेतली. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचीत सारा देश मापला गेला. लॅम्बटन १८२३ साली आपल्या विदर्भात हिंगणघाटास वारला. या त्रिकोणांच्या सांगाड्यात पुढे मोजणीदारांनी मांस भरले. तिकाटण्यावर सपाट फळा ठेवावा, वर कागद ताणावा, समोरच्या शिखरावर नजर धरून रेघ ओढावी, आणि ओढे, पायवाटा, झोपड्या जागच्या जागी टिपीत जावे. ज्या डोंगरात बैलगाडी चढत नाही, तेथे माणसांच्या डोक्यावरून हा संसार नेला गेला. ती ओझी वाहणाऱ्यांची नावे नकाशाच्या समासात छापीत नसत.

पण वाचकहो, मोजणीचे आणखी एक घराणे आहे, ते महसुलाचे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि यथावकाश शेतांवरून साखळी फिरू लागली. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, रावेर या भागातले शेतकरी या मोजणीविरुद्ध उठले आणि सरकारला फौज पाठवावी लागली. साखळीमागून सारा येणार, हे त्यांनी ओळखले होते. आज त्यांचेच वंशज सातबाऱ्याचा उतारा लोखंडी पेटीत जपून ठेवतात! ज्या साखळीचा आजोबांनी धसका घेतला, तिनेच नातवाची मालकी पक्की केली.

अक्राणीच्या डोंगरात मात्र ही दुसरी साखळी नीटशी पोचलीच नाही. तेथला सारा तो किती, आणि तो मोजायला खर्च किती! शिवाय १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राने राखीव होत गेली. पिढ्यान्‌पिढ्या उतारावर मका-ज्वारी पेरणारे भिल्ल आणि पावरा सरकारी दप्तरात ‘अतिक्रमण करणारे’ ठरले. टेकडीची उंची फुटाफुटाने नोंदली गेली, पण तिच्यावर नांगर धरणाऱ्याचे नाव कोठेच लागले नाही.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्याचा खरा अर्थ त्या दिवाळीत कळला. माझा एक जुना विद्यार्थी आता तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीत राहतो. तो आजोबांना घेऊन फराळास आला. नकाशा टेबलावर पसरलेलाच होता. त्यावरची अक्षरे इंग्रजी, आणि म्हातारबाबांना मराठीही वाचता येत नाही. तरी नर्मदेचे एक वळण दिसताच त्यांचे बोट तेथे थांबले. एका नाल्याच्या मुखापासून ते बोट सावकाश वर चढले आणि चार काळ्या ठिपक्यांवर स्थिरावले.

“हा आमचा पाडा,” ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, “गुरुजी, यात माझं शेत कुठं?”

मला उत्तर देता येईना. शेताची हद्द त्या कागदावर नव्हतीच.

नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली सरदार सरोवराची पूर्ण पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरवली. महाराष्ट्रातली ३३ गावे त्या पाण्याच्या कक्षेत आली. त्यांतल्या मणिबेलीचे नाव १९९० नंतरच्या वर्षांत जगभर पोचले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात या ‘अतिक्रमणदारां’च्या जमिनीचा प्रश्न ठळकपणे मांडला. सप्टेंबर २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच काठोकाठ भरले. मी नकाशावर साडेचारशे फुटांची रेघ शोधून पेन्सिल फिरवली. ते चार ठिपके तिच्या खाली होते.

“आणि धाकट्याचं घर?” म्हातारबाबांनी विचारले. त्यांचा धाकटा भाऊ डोंगर सोडून आला नव्हता. त्याचे दोन ठिपके रेघेच्या वर, अगदी अलीकडे, कोरडे होते. शेजारी पिवळ्या रंगाचा नखाएवढा तुकडा होता.

नातवाचे लक्ष त्या पिवळ्या तुकड्यावर खिळले. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत गॅझेटियर, मोजणीचे अहवाल आणि नकाशे येतात, तसेच गावातल्या जाणत्यांचे लिहून घेतलेले जबाबही येतात. धाकट्या आजोबांचा दावा दाखल व्हायचा होता. ज्या सरकारच्या दप्तरात हा माणूस कधी शेतकरी नव्हता, त्याच सरकारच्या मोजणीदाराने त्याच्या वाडवडिलांचे शेत रंगवून ठेवले होते! नातू लिहीत बसला. म्हातारबाबा एकेका ओढ्याचे, टेकाडाचे पावरी नाव सांगत गेले. छापील नकाशात त्यांतले एकही नव्हते. फराळाचे ताट तसेच राहिले.

आम्ही धुळेकर जुन्या कागदांची महती जाणतो, असा आमचा लौकिक आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे जमवली आणि १९२६ साली याच गावी देह ठेवला. पण दप्तर ज्यांच्या घरी कधी नव्हतेच, त्यांचा इतिहास कोठे शोधायचा, हा प्रश्न मला इतकी वर्षे पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन नकाशाची प्रत काढून आणली. निघताना नातवाने प्रतीसाठी हात पुढे केला. मी त्याच्या हाती पत्र्याचे नळकांडे दिले. मूळ नकाशा आता त्यांच्या घरी आहे. माझ्या भिंतीवर प्रत आहे, आणि तिच्यावर एका तरुण हाताने पेन्सिलीने लिहिलेली सतरा पावरी नावे.