फाइनमनच्या घरातली मुलगी

परवा जेवताना भाचीने विचारलं, "मावशी, आपण गाडीतून जातो तेव्हा चंद्र का येतो आपल्याबरोबर?" मी सवयीने "आधी जेव" म्हणून मोकळी झाले. मग माझं मलाच कसंतरी झालं. कारण त्याच आठवड्यात मी दोघा-तिघांना रिचर्ड फाइनमनच्या बाबांचं तोंडभरून कौतुक ऐकवलं होतं!

ती गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मेलव्हिल फाइनमन न्यूयॉर्कमध्ये गणवेशांच्या धंद्यात होते, शास्त्रज्ञ वगैरे अजिबात नव्हते. रिचर्डचा जन्म १९१८ चा. पोरगा अजून उंच खुर्चीत बसत होता तेव्हाच बाबांनी बाथरूमच्या रंगीत टाइल्स आणल्या आणि त्याला ओळीने लावायला शिकवलं. दोन पांढऱ्या, एक निळी, पुन्हा दोन पांढऱ्या... आई म्हणायची, लावू दे की त्याला हवी तर निळी! पण बाबांना त्याला 'क्रम' दाखवायचा होता. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात डायनोसॉर पंचवीस फूट उंच असं आलं की ते वाचता वाचता थांबत. म्हणजे बघ, तो आपल्या अंगणात उभा राहिला तर वरच्या खिडकीपर्यंत पोचेल, पण डोकं काही खिडकीत मावणार नाही. पक्ष्याचं नाव जगातल्या सगळ्या भाषांत पाठ केलं तरी पक्ष्याबद्दल काहीच कळत नाही, तो करतो काय ते बघ, हेही त्यांचंच. त्यांनी सांगितलेले सगळे तपशील बरोबर नव्हते, हे रिचर्डनेच पुढे कबूल केलंय. मला तर ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते. आपल्याला तरी कुठे सगळं येतं?

इथवर सगळं छान. पण रिचर्डनेच सांगितलेलं एक वाक्य आपण भरकन वाचून पुढे जातो. तो जन्मायच्या आधी बाबा म्हणाले होते, मुलगा झाला तर तो शास्त्रज्ञ होईल.

मुलगा झाला तर.

१९२७ मध्ये त्याच घरात जोन जन्मली. बाप-लेकाची बोलणी तिच्याही कानावर पडत होती. आठेक वर्षांची असताना तिने आईला सांगितलं, मी शास्त्रज्ञ होणार. आई म्हणाली, बायकांच्या मेंदूला ते झेपत नाही. पोरगी खुर्चीत बसून रडली. आणि ही आई काही जुन्या वळणाची नव्हे, तरुणपणी बायकांच्या मताधिकारासाठी मोर्चात चाललेली! तिने काही दुष्टपणाने सांगितलं नसावं. लेकीला पुढे निराशा नको, एवढंच मनात असेल. (आमच्याकडे भावाने रेडिओ खोलला की "डोकं आहे पोराला", आणि मी खोलला की "पसारा". आई, वाचत असशील तर रागावू नकोस.)

जोनला तारलं ते नऊ वर्षांनी मोठ्या भावाने. घरातल्या त्याच्या 'प्रयोगशाळेत' ती आठवड्याला काही सेंट पगारावर मदतनीस होती. एका रात्री त्याने तिला झोपेतून उठवलं आणि जवळच्या गोल्फ मैदानावर नेलं. आकाशात ध्रुवीय प्रकाश नाचत होता, लाल-हिरवा. हे असं का होतं ते कुणालाच पक्कं माहीत नाही, असं त्याने तिला सांगितलं. उत्तर नव्हतंच त्याच्याकडे, पण त्याने तिला उठवलं.

ती चौदा वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला कॉलेजचं खगोलशास्त्राचं पुस्तक दिलं. अवघड होतं. त्याने युक्ती सांगितली, कळेनासं होईपर्यंत वाच, मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरू कर. असं करत करत ती एका आकृतीपाशी पोचली. खाली श्रेय होतं सेसिलिया पेन-गापोश्किन या बाईंचं. तारे मुख्यतः हायड्रोजनचे असतात हे १९२५ च्या प्रबंधात दाखवणाऱ्या त्याच या. म्हणजे बायकांना जमतं, आणि पुरावा छापील! आईच्या वाक्याचं उत्तर जोनला असं एका तळटीपेत सापडलं.

जोन फाइनमनने १९५८ मध्ये पीएच.डी. केली, पुढे नासात काम केलं. सूर्याकडून येणारा कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी कसा भिडतो आणि त्यातून ध्रुवीय प्रकाश कसा उजळतो, हे समजण्यात तिचा मोठा वाटा आहे. भावाशी तिने वाटणी केली होती, ध्रुवीय प्रकाश माझा, बाकी सगळं विश्व तुझं. १९६५ चा नोबेलवाला भाऊ ती वाटणी पाळत राहिला. एकदा कुणीतरी त्याला या विषयात काम करण्याबद्दल सुचवलं, तर म्हणाला, बहिणीला विचारावं लागेल. विचारलं. ती नाही म्हणाली! तो गेला १९८८ मध्ये, ती २०२० मध्ये.

असो. काल रात्री भाचीला घेऊन गच्चीवर गेले. चालता चालता बघितलं तर पाण्याची टाकी झपकन मागे पडते, लांबचा टॉवर हळूहळू सरकतो, आणि चंद्र जागचा हलत नाही. ती चार फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "मग तो येत नाहीये, तो खूप लांब आहे." आता तारे येतात का, हे बघायचंय. आज ढग आहेत, उद्या बघू.